पेशवेकालीन, फक्त अठराशे रुपये

रावेतमध्ये सध्या पेशवाई फार स्वस्त झाली आहे. अठराशे रुपयांत पेशवेकालीन अडकित्ता, साडेतीन हजारांत शिवकालीन समई, वर घरपोच फुकट. विकणारा कोण? मुकाई चौकाच्या अलीकडे-पलीकडे कुठल्या तरी टॉवरात बाराव्या मजल्यावर राहणारा, सकाळी हिंजवडीच्या नाहीतर चाकणच्या कंपनीबसमागे धावणारा आणि रात्री जेवणं उरकल्यावर बाल्कनीत काळी चादर अंथरून तिच्यावर पितळेचे फोटो काढणारा गृहस्थ. फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, पोराची फी. पगार पुरत नाही म्हणून हा 'साइड इन्कम'. कसा कमवायचा हे त्याला व्हिडिओतल्या कुणा गुरूने शिकवलेलं असतं. जुन्या बाजारात पहाटे पोहोचा, गावाकडच्या माळ्यावर चढा, भंगारवाल्याशी दोस्ती करा, पन्नासला उचला, पाचशेला काढा.

मला त्याच्या कमाईचा हेवा नाही. मी चिंचवडच्या एमआयडीसीत, टूलरूममध्ये, आयुष्य घालवलं. धातू घासून-कापून पैसे मिळवण्यात पाप असतं तर अख्खं पिंपरी-चिंचवड नरकात गेलं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. या धंद्यात नफा नेमका कुठून येतो, ते कुणीही मोठ्याने बोलत नाही. तो वस्तूतून येत नाही, कारण वस्तूला कुणी हातही लावलेला नसतो. लावला असला तर तो बिघडवायला. नफा येतो दोन माणसांच्या अज्ञानातून. ज्या म्हातारीने डबा दिला तिला त्याची किंमत ठाऊक नसते, ज्या हौशी पोराने तो घेतला त्याला त्याचं वय ठाऊक नसतं, आणि मधल्या माणसाला दोन्ही ठाऊक असूनही तो दोघांनाही काही सांगत नाही. त्या गप्प बसण्याचे पैसे तो घेतो. त्याला मार्जिन म्हणतात.

गप्प बसण्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण हे लोक पुसतातही.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, आजही आहे. भांड्याच्या दुकानात एक माणूस छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबांची अक्षरं टोचत बसलेला असे. पुढे त्याच्या हातात विजेचं मशीन आलं. कुणी कुणाला दिलं, लग्नात की मुंजीत की बारशात, कुठल्या तारखेला, कधीकधी गावसुद्धा. पितळेच्या त्या डब्यावर एका बाईचं माहेर आणि सासर दोन्ही लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं नाही, घराच्या पाटीवर लागलं नाही, लागलं ते या डब्यावर. आता हा डबा बाल्कनीतल्या व्यापाऱ्याच्या हाती पडला की पहिलं काम काय होतं? नाव घासलं जातं. बफिंगच्या सुती चाकाला लालसर साबणाची वडी लावायची, डबा टेकवायचा, दोन मिनिटांत आत्याबाई गायब. खोल टोचलेलं असेल तर आधी एमरीचा पट्टा. का? कारण नाव राहिलं तर तारीख राहते, आणि तारीख राहिली तर डबा १९६४ सालचा ठरतो. नाव गेलं की तोच डबा एका रात्रीत दीडशे वर्षांनी म्हातारा होतो आणि त्याची किंमत चौपट होते. बफिंगची कला मी जवळून पाहिली आहे. तिचा असा उपयोग होईल हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि ज्या माळ्यावरून हा डबा उतरला, त्या माळ्याचाही थोडा हिशेब मांडू. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून माणसं घरदार मागे टाकून खडी फोडायला निघाली. त्याआधी घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली होती. हंडे, घागरी, घंगाळी, वजनावर, घट कापून. त्यातलीच कित्येक माणसं पुढे या औद्योगिक पट्ट्यात कामाला लागली. आमच्या शॉपफ्लोअरवर निम्मी ओळखपाळख तिथलीच होती. म्हणून आज रावेतच्या कॅफेच्या दारात घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या तरंगताना दिसल्या की मला शोभा दिसत नाही. ते कुणी कुठल्या वर्षी किती रुपये किलोने मोडीला दिलं असेल, असं मनात येतं. कॅफेवाल्याला विचारलं तर तो म्हणेल, 'हेरिटेज आहे, काका.' असेल.

त्याच सालात आणखी काही घडलं. ९ सप्टेंबर १९७२, या एकाच तारखेचे दोन केंद्रीय कायदे आहेत, क्रमांकही लागोपाठ, ५२ आणि ५३. एक पुरावस्तूंचा, दुसरा वन्यजीवांचा. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, दोन्हींची नावं ऐकली आहेत का. दुसऱ्याचं थोडंफार कानावर असतं, कारण हस्तिदंती मुठीचा चाकू, कासवाच्या पाठीची डबी किंवा सांबराचं शिंग जाहिरातीत टाकलं की वनखात्याची माणसं घरी येतात हे कुणीतरी ऐकलेलं असतं. पहिल्याचं मात्र नावही नाही. तो कायदा साधारण असं म्हणतो: शंभर वर्षांहून जुनी, इतिहासाच्या किंवा कलेच्या दृष्टीने मोलाची वस्तू ही पुरावस्तू, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो. खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, आणि पाठवली तर तुरुंग.

आता या गृहस्थाची जाहिरात पुन्हा वाचा. 'पेशवेकालीन, अस्सल, जगभर कुरिअर.' पेशवाई संपली १८१८ साली. म्हणजे वस्तू खरी असेल तर हा माणूस परवान्याशिवाय पुरावस्तू विकतो आहे आणि परदेशी धाडायची तयारी जाहीर करतो आहे. आणि वस्तू खरी नसेल तर तो सरळ फसवतो आहे. यात तिसरा पर्याय मला तरी सापडलेला नाही. तरी हा धंदा राजरोस चालतो, कारण विकणारा आणि ज्याच्या अॅपवर हे सगळं चालतं तो, दोघेही मनातून जाणतात की ती वस्तू पेशवेकालीन नाही. खोटेपणाच इथे कायदेशीर संरक्षण झाला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत एक कलम आहे: जुना, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून खपवणं. कायदा करणाऱ्या बिचाऱ्यांच्या समोर भेसळीचा साधासुधा दुकानदार असावा. नवा माल जुना म्हणून खपवणारी जमात पुढे येणार, असं त्यांच्या स्वप्नातही नसेल. (खोट्या वर्णनाचं कलम त्या यादीत आहेच, तेव्हा कुणी फार खूश होऊ नये.)

नवं जुनं कसं करतात, तेही सांगतो, कारण हे ज्ञान सध्या फक्त फसवणाऱ्यांकडे आहे. नवं ओतीव पितळ मुरादाबादहून किलोने येतं. मीठ, अमोनिया, ओली माती; काही दिवस पुरून ठेवलं की हिरवट-काळसर थर धरतो. मग वरवर चिंच फिरवायची, म्हणजे उंचवटे चमकतात, खाचा काळ्या राहतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'काय झीज आहे!' झीज अशी येत नसते. झीज जिथे हात लागतो तिथे येते. समईच्या दांड्याला जिथे पकडतात तिथे, अडकित्त्याच्या दांडीला, पळीच्या एकाच कडेला, कारण माणूस उजव्या हाताने एकाच बाजूने ओततो. सगळीकडे सारखी झिजलेली वस्तू वापरलेली नसते, घासलेली असते. ओतकामाची शिवण बघा. जुना कारागीर ती कानसेने मारतो, घाईचं काम तशीच सोडतं. लेथवर फिरवल्याच्या बारीक गोल रेषा बुडाशी दिसतात. आणि सगळ्यात सोपं, स्क्रू बघा. चौफुली खाचेचा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला. मी 'पेशवेकालीन' दिव्याच्या बुडाला तो पाहिला आहे, मिलिमीटरच्या आट्याचा, चकचकीत, जस्त चढवलेला. दुसऱ्या बाजीरावाने तो ब्रह्मावर्ताहून ऑनलाइन मागवला असावा.

तसाच पितळी दुर्बिणींचा आणि होकायंत्रांचा तमाशा. लंडनच्या कंपनीचं नाव, १९ व्या शतकातलं साल, लाकडी पेटी. ही लंडनची जहाजं रुरकीत बांधली जातात. तिथे असल्या शोभेच्या नकला बनवण्याचा चांगला मोठा धंदा आहे, आणि बनवणारे त्या नकला म्हणूनच विकतात. तिथपर्यंत सगळं सरळ. पेटी रावेतला पोहोचली की तिच्यातली नक्कल बोटीवरून उतरते आणि आजोबांच्या कपाटातून निघते. कर्णा असलेला ग्रामोफोनही त्यातलाच: नवा पितळी कर्णा, कुठल्या तरी पेटी-ग्रामोफोनचं मशीन, वर कुत्र्याचं स्टिकर. वाजवून बघाल तर रेकॉर्डची माती होईल, पण तो कुणी वाजवायला घेत नाहीच. तो टीव्हीशेजारी ठेवायला घेतात.

घड्याळांबद्दल मात्र मला खरा राग आहे. एचएमटीचं घड्याळ ही आमच्या पिढीची पहिल्या पगाराची वस्तू. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ च्या सुमारास बंगळुरात ती बनू लागली; 'जनता' हे त्यांचं चावीचं मॉडेल तर इतकं घरोघर पोहोचलं की ते नाव खोटं वाटलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळांची कंपनी बंद करायला मान्यता दिली आणि ज्यांनी हयातीत एचएमटी मनगटाला लावलं नव्हतं त्यांना एकदम गहिवर आला. गहिवराला पुरवठा करणारे तयारच होते. एका घड्याळाची केस, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याची चावी आणि वर नवीन छापलेली डायल: कधी नारिंगी, कधी मोरपंखी, कधी तिच्यावर विमान, कधी तिरंगा. जगभरचे घड्याळं जमवणारे लोक या खिचडीला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. महाराष्ट्राच्या राजधानीचं नाव जगात या कारणाने गाजतं आहे, अभिनंदन. देवनागरी अंकांच्या डायली एचएमटीने खरोखर काढल्या होत्या, म्हणून तर खोट्या देवनागरीला जागा मिळते. खरं थोडं असल्याशिवाय खोटं विकलंच जात नाही.

याच तत्त्वावर शिवराई चालते. तांब्याचं हे नाणं शिवछत्रपतींनी सुरू केलं खरं. पण त्यांच्या पश्चातही, पेशवाईभर, इंग्रजी अंमल आल्यावर काही काळपर्यंत ती शिवराई पाडली जात होती आणि तिच्यावर महाराजांचंच नाव येत राहिलं. म्हणजे नाण्यावर 'श्री राजा शिव' आहे एवढ्याने ते महाराजांच्या काळातलं ठरत नाही. ओढ्याकाठी, जुन्या गावठाणात, मोडवाल्याच्या ढिगात मिळणाऱ्या शिवराया बहुतेक नंतरच्याच. नाणेशास्त्राचं कुठलंही प्राथमिक पुस्तक हे सांगतं. विकणाऱ्याने ते वाचलेलं नसतं, किंवा अगदी नीट वाचलेलं असतं. 'महाराजांच्या हाताचा स्पर्श झालेलं नाणं' ही जाहिरात मी वाचली तेव्हा मला वाटलं, या माणसाला धंद्याची अक्कल आहे. त्याने तांबं विकलंच नाही, भक्ती विकली, आणि भक्तीला परतावा नसतो.

भक्तीवरून आठवलं, 'वैष्णोदेवीचं नाणं', '७८६ ची नोट', 'ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट': घरात असेल तर लाखो मिळवा. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली आणि लोकांनी बरणीतले चार आणे पुन्हा मोजायला घेतले. इथे फसणारा विकणाराच असतो. त्याला 'गिऱ्हाईक' मिळतं, मग आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन. हे इतकं वाढलं की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं: आमचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात पैसे मागितले जात आहेत, आम्ही असल्या कुठल्याही भानगडीत नाही. मला या फसलेल्यांची कीव येते, पण पूर्ण नाही. दहाच्या नोटेचे लाख घ्यायची तयारी असल्याशिवाय माणूस या गळाला लागत नाही.

आता समोरून येणारा प्रश्न. आमच्या सोसायटीतला एक हुशार मुलगा तो नेमका विचारतो: 'काका, आम्ही घेतलं नसतं तर ते भट्टीत वितळलं असतं. आम्ही वाचवलं.' हे खरं आहे. खोटं बोलायला मी काही फोटोखाली वर्णन लिहीत नाही; म्हणून मान्य करतो. मोडीत गेलेल्या शंभर समयांपैकी नव्याण्णव वितळतात. ज्या माणसाने त्यातली एक बाजूला काढली त्याने तेवढं पितळ वाचवलं. पण पितळच वाचवलं. ती समई कुठल्या गावची, कुठल्या देवळातली की देवघरातली, कुणी दिली, घराणं का मोडलं, हे जे फक्त विकणाऱ्या माणसाला ठाऊक होतं आणि त्याच्या दारात उभं राहून पाच मिनिटांत विचारता आलं असतं, ते याने विचारलं नाही. विचारलं तर समोरच्याला शंका येते आणि भाव चढतो! घासाघीस करताना वस्तूत रस नसल्याचं नाटक करावं लागतं, हा त्या गुरूचा पहिला धडा.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत हाच धंदा उलटा करणारा माणूस होऊन गेला. दिनकर केळकर, जन्म १८९६, मृत्यू १९९०. चष्म्याचं दुकान आणि कवितेचं वेड. १९२० च्या आसपास जुन्या वस्तू जमवायला लागले ते आयुष्यभर. अडकित्ते, दिवे, वजऱ्या, दौती, दारं, कंगवे, जे कुणी संग्रहालयात ठेवण्यालायक समजत नव्हतं ते सगळं. तेही जुन्या बाजारात फिरले, तेही मोडवाल्यांकडून घेत, आणि घासाघीस तेही करत असणारच. संत ठरवायची गरज नाही. पण त्यांनी वस्तू विकल्या नाहीत. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि पुढे हजारो वस्तूंचा तो संग्रह सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, स्वाधीन केला. एकाच अडकित्त्याला बाल्कनीत अठराशे रुपये मिळतात. शेकडो अडकित्ते शेजारी शेजारी ठेवले की कळतं, सुपारी कातरायच्या हत्यारात माणसाने किती डोकं आणि किती चावटपणा घातला आहे. सुटा विकला की तो शो-पीस.

आमच्या भागातल्या गोष्टीकडे येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये वाडे थोडे आणि कारखाने फार, त्यामुळे आमची पुरावस्तू म्हणजे कारखान्याचं भंगार. पूर्वी टूल क्रिबच्या खिडकीत प्रत्येकाचे पितळी बिल्ले असत, नंबर ठोकलेले. मायक्रोमीटर घ्यायचा तर बिल्ला द्यायचा, तो तुमच्या हत्याराच्या जागी खिळ्याला लटकायचा. हत्यार परत केलं की बिल्ला परत. हरवला तर फोरमनसमोर उभं राहावं लागे. हे बिल्ले आता 'विंटेज इंडस्ट्रियल ब्रास टॅग' या नावाने किल्ल्या अडकवायला विकले जातात. बंद पडलेल्या कंपन्यांच्या लिलावातून डायल गेज, व्हर्नियर, बेंच व्हाइस, दातेरी चाकं येतात. चाकांचे दिवे होतात, व्हाइस पेपरवेट होते. ज्या बिल्ल्यावर नंबर आहे तो नंबर कुणाचा, हे त्या कंपनीच्या कुठल्याही जुन्या कामगाराला विचारलं तर तो नाव, गाव आणि व्यसन सांगेल. इथे बाकी नंबर घासत नाहीत बरं का. नंबर असला तर जास्त पैसे येतात. माणसाचं नाव किंमत उतरवतं, नंबर चढवतो.

आणि हा माल यांच्यापर्यंत पोहोचतो कुठून? वर्षानुवर्षं तो कुदळवाडीतून पोहोचत होता. चिखलीच्या त्या पट्ट्यात आमच्या सगळ्या एमआयडीसीचं पोट रिकामं व्हायचं: स्वार्फ, तुटके साचे, मोटारी, प्लॅस्टिकचे ड्रम, बंद मशीनं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो पत्राशेड, गोदामं, दुकानं बुलडोझर लावून सपाट केली. अनधिकृत होती. आगी लागत, धूर होई, सांडपाणी इंद्रायणीकडे जाई. हे सगळं खरं आहे आणि ज्यांनी त्या आगींचा धूर छातीत घेतला आहे त्यांना मी कुदळवाडीचं कौतुक सांगायला जाणार नाही. पण एक पाहा. तो भंगारवाला लोखंड ओळखायचा. चुंबक लावून, ग्राइंडरची ठिणगी बघून तो सांगायचा की हे हाय-स्पीड स्टील आहे की साधं. माल उचलायचा, वेगळा करायचा, त्याच्या बोटांना टाके पडलेले असायचे. त्याला शहराने नाव दिलं भंगारवाला आणि शेवटी बुलडोझर. त्याच्याकडून चाळीस रुपयांत बिल्ला घेऊन चारशेला विकणाऱ्याला शहर म्हणतं उद्योजक, आणि सोसायटीच्या गणपतीत त्याचा 'पर्यावरणपूरक व्यवसाय' म्हणून सत्कार होतो. दोघांत फरक काय? एकाच्या अंगावर वंगण आहे, दुसऱ्याकडे रिंग लाइट आहे.

बोहारणीचंही तेच. डोक्यावर पाटी, त्यात स्टीलची भांडी. जुने कपडे घ्यायचे, भांडं द्यायचं, दारात अर्धा तास वाद. तिला कुणी 'सर्क्युलर इकॉनॉमी' म्हटलं नाही. आता सोसायटीच्या गेटवर पाटी आहे, 'फेरीवाल्यांना प्रवेश नाही', आणि आत बाराव्या मजल्यावर तोच व्यवहार वायफायवर चालतो. बोहारीण निदान तोंडावर भांडायची. साडीची जर खोटी आहे हे ती तुम्हाला ऐकवून भाव पाडायची. तुमचं अज्ञान ती घटकाभरही टिकू देत नसे.

कुणी म्हणेल, टंचाईचा फायदा घेणं आमच्याकडे जुनंच आहे. आहेच. आकुर्डीत बजाजची चेतक १९७२ पासून निघू लागली तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जाई. नुसतं बुकिंगही 'ऑन'ने विकलं जायचं. तेव्हा त्याला काळाबाजार म्हणत आणि करणारा थोडं इकडेतिकडे बघून करायचा. टंचाई मात्र खरी होती; परवाना राज्यात स्कूटरच कमी निघत होत्या. आज बाल्कनीतला माणूस जी टंचाई विकतो, ती त्याने 'दुर्मिळ' हा शब्द टाइप करून निर्माण केलेली असते.

प्रामाणिकपणे हा धंदा करणारे आहेत, आणि ते मला माहीत आहेत. जुन्या घड्याळाचं मशीन उघडून, धुऊन, तेल देऊन, 'डायल नवी, मशीन जुनं, काच बदलली' असं लिहून विकणारा कारागीर. जुना रेडिओ कंडेन्सर बदलून पुन्हा बोलता करणारा. जुनी पुस्तकं झटकून, फाटलेलं पान सांगून विकणारा. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पथारी टाकणाऱ्यांमध्ये असे लोक भेटतात, ऑनलाइनही भेटतात. त्यांचा नफा त्यांच्या हाताचा आहे, तो मी कधीच मोजणार नाही. कायद्यालाही हा धंदा वाईट वाटत नाही. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटीत खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरायची सवलत आहे, पण फरक दाखवायचा तर खरेदीची नोंद ठेवावी लागते. ती नोंदच तर कुणाला नको आहे. कुणाकडून, कधी, कितीला, हे लिहून ठेवलं की पेशवाई उरत नाही.

त्या हुशार मुलाला मी हेच सुचवलं. वर्णनात चार ओळी घाल: कुठल्या गावाहून आली, कुणाकडून, त्यावर काय लिहिलेलं होतं, तू काय बदललंस. तो हसला, आणि उलट एक समई घेऊन आला. 'काका, तुम्ही टूलरूमवाले. एकदा तपासून लिहून द्या ना.' मी चष्मा लावला, भिंग घेतलं, वजन केलं आणि स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: ओतीव पितळ, लेथवर फिरवलेलं, बुडाचा स्क्रू आधुनिक, झीज कृत्रिम, वय दहा वर्षांच्या आत. खाली सही केली.

दोन दिवसांनी जाहिरात आली. 'शिवकालीन समई. टूलरूममधील ज्येष्ठ तज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासलेली.' भाव सातशेने वाढला होता.